माती किती दिवसांत वाळते, ते आधी मोजा

वाचकाचं पत्र

"आमच्या गावच्या वाचनालयातर्फे मे महिन्यात मुलांसाठी पाच दिवसांचं कला शिबिर असतं. देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याची जागा) मिळते. ७ ते १२ वयाची २४ मुलं असतात, वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा. गेल्या वर्षी पहिले दोन दिवस चित्रकला, मग दोन दिवस मातीकाम आणि शेवटच्या दिवशी मातीच्या वस्तू रंगवायच्या, असं ठरवलं होतं. लवकर वाळाव्यात म्हणून वस्तू उन्हात ठेवल्या, पंखे लावले. निम्म्याहून जास्त तडकल्या, बैलांचे पाय गळाले, रंगाचे पोपडे सुटले. पालकांचा आग्रह गणपतीचा होता, ते शेवटी आम्हा मोठ्यांनाच पुरे करावे लागले. यंदा माती कुठली आणि किती घ्यावी? आणखी काय बदलावं?"
– एक शिक्षिका, फोंडा तालुका

ताई,

आधी वेळापत्रक बदला, मातीचं मग पाहू. गोव्यातल्या मे महिन्यात ऊन कडक असतं, पण हवेत ओल भरलेली असते. अशा हवेत एक सेंटिमीटर जाडीची मातीची भिंत सावलीत वाळायला साधारण तीन दिवस घेते, दीड सेंटिमीटरची चार ते पाच. मुठीएवढा भरीव गोळा दहा दिवसांनीही आतून ओला सापडू शकतो. तुमच्या मुलांच्या वस्तूंना त्यातला जेमतेम एक दिवस मिळाला. म्हणून मातीकाम सगळ्यात आधी, कागदावरची चित्रं मध्ये, आणि मातीवरचं रंगकाम शेवटी, हा क्रम पक्का धरा.

पाच दिवस सलग घेण्याची सक्ती नसेल तर मंगळवारी सुरुवात करा. मंगळवार-बुधवार माती, गुरुवार-शुक्रवार कागद, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी मातीच्या वस्तूंचं रंगकाम. बुधवारच्या दुपारपासून सोमवारच्या सकाळपर्यंत जवळजवळ पाच दिवस मिळतात. सलग पाच दिवसच घ्यावे लागले, तर एक सेंटिमीटरपेक्षा जाड काहीही करू देऊ नका.

ऊन आणि पंखा यांनी नेमकं काय होतं तेही सांगते. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. ते निघून गेलं की कण जवळ येतात आणि वस्तू आक्रसते, साधारण ५ ते ८ टक्के. म्हणजे १५ सेंटिमीटरचं कासव वाळल्यावर १४च्या आसपास भरतं. सगळीकडून सारखं आक्रसलं तर काही बिघडत नाही. पण उन्हाची किंवा पंख्याची बाजू आधी वाळून आक्रसते आणि दुसरी बाजू अजून ओली, फुगलेली असते. त्या ओढाताणीत भेग पडते, आणि ती बहुतेक वेळा जाड-बारीक भाग जिथे जुळतात तिथे पडते: कान, शेपटी, पाय. म्हणून पहिले २४ तास वस्तू पातळ प्लास्टिकने सैलसर झाकून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून सावलीत उघड्या ठेवा आणि दिवसातून दोनदा फिरवा. ज्यांना पालथं घालता येतं त्यांना पालथं घाला. रंगवण्याच्या आदल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास दिलं तर चालतं, त्याआधी नाही. कान, पंख, वल्ह्यासारखे पाय असे बारीक भाग मात्र पहिले दोन दिवस वेगळे प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे धडाच्या आधी वाळून ते सुटणार नाहीत.

वस्तू प्लायवर थेट बसवू नका. माती लाकडाला चिकटते, वाळताना आक्रसायला जागा मिळत नाही आणि बूड चिरतं. प्रत्येक मुलाला २५ सेंटिमीटर चौरस प्लायचा तुकडा द्या आणि त्यावर वर्तमानपत्राचा चौपदरी कागद. कागदासकट वस्तू सरकते.

आता माती. तुमच्या भागात दोन प्रकार सहज मिळतील. एक, गोव्याची चिकणमाती, जी डिचोलीकडचे कुंभार आणि चवथीच्या मूर्ती करणारे चित्रशाळावाले वापरतात. दोन, पोत्यातून येणारी शाडूची भुकटी. शाडू मऊ आणि बारीक असते, रंग छान धरते, पण वाळल्यावर ठिसूळ होते. मुलांच्या हातून कान-शेपट्या पटापट मोडतात. मुलांसाठी मी चिकणमातीच निवडेन. ती ओढली तर ताणली जाते, आणि मुलांना मातीत हवं असतं ते नेमकं हेच.

शेतातली माती फुकट मिळते म्हणून खाजनातली (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातली) मात्र उचलू नका. तिच्यात खार असतो. माती वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं, बरोबर खार आणतं, आणि वस्तूवर पांढरी बुरशीसारखी पूड उमटते. त्यावर रंग टिकत नाही. दुसरी कुठलीही माती घ्या, पण आधी तपासा: पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. वळी न चिरता वळली तर माती कामाची. चिरली तर तिच्यात वाळू जास्त आहे.

प्रमाण असं धरा. मुलामागे दोन किलो ओली माती, म्हणजे ४८ किलो, आणि वर दहा-बारा किलो राखीव. ६० किलो मळलेल्या मातीसाठी साधारण ५० किलो कोरडी माती लागते. ती शिबिराच्या आठ दिवस आधी फोडून, वर चार बोटं पाणी राहील अशी दोन दिवस भिजत घाला. मध्येच ढवळू नका. कोरडे खडे स्वतःच विरघळतात, ढवळलं की चिकट गुठळ्या होऊन बसतात. मग हातानं कालवून मच्छरदाणीच्या कापडातून गाळा. आपल्याकडच्या मातीत जांभ्याचे बारीक खडे हमखास असतात आणि ते मुलांच्या बोटांना लागतात. गाळलेला राडा जुन्या चादरीवर चार सेंटिमीटर थराने पसरा, पाणी सुटू द्या, आणि चपातीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट झाला की मळून दोन-दोन किलोचे गोळे करा. ओल्या गोणपाटात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. माती बोटाला चिकटत असेल तर अजून ओली आहे, कडेला दाबल्यावर फाटत असेल तर कोरडी. तयार माती बाजारात मिळत असेल आणि पैसे असतील तर तीच घ्या. हे सगळं काम दोन माणसांचे दोन पूर्ण दिवस खातं.

माती मळताना थोडा कागदाचा लगदा घातला तर बारीक भागांना बळ येतं. टिश्यू पेपर पाण्यात कुस्करून, पिळून, मातीच्या एक-दशांश आकारमानाइतका घाला. पण असा गोळा चार दिवसांत वास मारू लागतो, म्हणून लगदा शिबिराच्या आदल्या दिवशीच मिसळा.

पहिल्या दिवशी पहिला तास काहीही 'करायला' सांगू नका. प्रत्येकाला पाऊण किलोचा गोळा द्या. दाबा, ओढा, चिमटा काढा, थापटा, मोडा. मग तीन गोष्टी शिकवा: अंगठ्याने खळगा पाडून वाटी करणं, तळव्याने वळी वळणं, आणि दोन सारख्या पट्ट्यांच्या मध्ये माती ठेवून लाटण्याने एकसारख्या जाडीची चकती लाटणं. या तिन्हीतून बहुतेक सगळं घडतं. तासाच्या शेवटी सगळं मोडून परत गोळा करायचा. सात वर्षांच्या मुलांना हे मोडणं कठीण जातं, म्हणून ते सुरुवातीलाच सांगून ठेवा.

जोड हे दुसरं मोठं दुखणं. मुलं कान नुसता दाबून चिकटवतात. ओला असताना तो राहतो, वाळला की गळतो. दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काडीने किंवा तुटक्या कंगव्याने जाळीदार चरे मारायचे, त्यावर दह्याइतका घट्ट मातीचा घोळ लावायचा, दाबून थोडं हलवायचं आणि मग जोडावरची माती बोटाने एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर ओढून घ्यायची. शेवटची पायरी मुलं हमखास विसरतात आणि खरा जोड तीच धरते. घोळ त्याच मातीचा हवा. नुसतं पाणी लावलं की तो भाग जास्त ओला होतो, जास्त आक्रसतो आणि तिथूनच सुटतो. दोन्ही तुकडे सारखेच ओले असावेत, हेही बघा.

तुमच्या बैलांचे पाय याच कारणाने गेले, शिवाय वजनाने. चार बारीक ओल्या पायांवर अर्धा किलोचं धड उभं राहत नाही. पाय वेगळे चिकटवण्याऐवजी एकाच गोळ्यातून ओढून काढायला लावा, आखूड आणि जाड, आणि पोटाखाली चुरगळलेल्या कागदाचा टेकू देऊन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसंच राहू द्या. त्याहून सोपं म्हणजे बसलेलं जनावर. बसलेला गवा, झोपलेलं कुत्रं. तार किंवा काटकी आत घालण्याचा मोह होईल, घालू नका: माती आक्रसते, तार आक्रसत नाही, आणि माती तारेच्या रेषेवरच फुटते. आत पोकळी हवी असेल तर वर्तमानपत्राचा बोळा घाला, तो दबतो.

सात-आठ वर्षांच्या मुलांना कासव द्या. मोरजी आणि गालजीबागच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं मुलांना ठाऊक असतात. अंगठ्याने केलेली वाटी पालथी घातली की कवच तयार. वस्तू आपोआप पोकळ, जाडी आपोआप एक सेंटिमीटरच्या आसपास, आणि सगळं जमिनीलगत असल्यामुळे गळायला काही नाही. खेकडाही असाच जमतो. नऊ-दहा वर्षांच्यांना वळ्या एकावर एक रचून घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, करू द्या. एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला छोटं, मध्ये फुगीर पोट. वळ्या आतून बोटाने एकजीव करायच्या, बाहेर त्यांच्या रेषा राहिल्या तर राहू द्या. ८ सेंटिमीटर उंची झाली की अर्धा तास थांबायचं, खालचा भाग थोडा घट्ट झाला की पुढे जायचं. घाई केली तर पोट बसतं.

अकरा-बारा वर्षांची मुलं तुळशीवृंदावन करू शकतात, आणि या वयाला ते काम फार मानवतं कारण त्यात मोजमाप आहे. ८ मिलिमीटर जाडीची चकती लाटायची, १० सेंटिमीटरचे चार चौकोन कापायचे (नायलॉनच्या गरीच्या दोरीने स्वच्छ कापले जातात) आणि लगेच उभे करायचे नाहीत. दोन तास सावलीत ठेवायचे, हाताला थंड लागतील पण वाकणार नाहीत इतपत घट्ट झाले की मग चरे, घोळ आणि आतल्या कोपऱ्यात बारीक वळी दाबून जोडायचे. मऊ चौकोन उभे केले तर ते आत झुकतात आणि मुलं हिरमुसतात. म्हणून चौकोन मंगळवारी सत्र सुटण्यापूर्वी कापा, रात्री प्लास्टिकखाली ठेवा, बुधवारी उभे करा.

गणपतीबद्दल. पालकांचा जीव समजतो, गोव्यात माती म्हटली की चवथ आठवणारच. पण सोंड, चार हात, सुपासारखे कान, मुकुट हे सगळे बारीक आणि बाहेर आलेले भाग आहेत. पाच दिवसांच्या शिबिरासाठी याहून अवघड वस्तू शोधून सापडणार नाही. चित्रशाळेतला कसबी माणूस त्याला आठवडे देतो. आग्रह मोडवत नसेल तर उठावाची फरशी करा: १५ सेंटिमीटर चौरस, दीड सेंटिमीटर जाड, त्यावर गणपती वर उठवायचा. काहीही हवेत लोंबत नाही. फरशीची एक खोड आहे, वरची बाजू आधी वाळून कडा वर उचलल्या जातात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून दोन कोरड्या प्लायच्या मध्ये कागद घालून अलगद दाबून ठेवा आणि कागद रोज बदला. हा दीड सेंटिमीटरचा अपवाद सोमवारपर्यंत वेळ असेल तरच.

आणि, ताई, मुलांच्या वस्तूला हात लावू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. मोठ्या माणसाने एकदा नाक नीट करून दिलं की मुलाला कळतं, आपलं नाक चुकीचं होतं. मग तोंड, कान, पायही तुम्हीच करायचे असतात. दाखवायचं असेल तर तुमचा गोळा वेगळा ठेवा, त्यावर दाखवा आणि लगेच मोडून टाका, म्हणजे नकलेसाठी नमुना उरत नाही. मुलगा अडला तर विचारा: याची मान कुठून निघते? तुझ्या घरचं मांजर बसतं तेव्हा पुढचे पाय कुठे असतात? जमलं तर खरी वस्तू आणून ठेवा, चवळीची शेंग, नारळाची करवंटी, शंख. बक्षिसं आणि पहिला-दुसरा क्रमांक तर पूर्ण वगळा. दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस पुरेसं आहे, आणि त्याचं काम जोड तपासणं आणि प्लास्टिक झाकणं एवढंच.

मधले दोन दिवस कागदाचे. १८० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. पातळ वहीचा कागद पोस्टर रंगाच्या पाण्याने फुगतो आणि घासला की लव सुटते. मुलामागे मोठे चार कागद. रंग फक्त पाच: पिवळा, लाल, निळा, पांढरा आणि गेरू. काळा पहिल्या दिवशी देऊ नका, मुलं प्रत्येक गोष्टीला काळी किनार काढतात आणि रंग मेल्यासारखे दिसतात. पांढरा एक लिटर, बाकीचे प्रत्येकी अर्धा लिटर पुरतील. एक चपटा १२ नंबरचा आणि एक गोल ६ नंबरचा ब्रश, आणि दोघांत पाण्याचे दोन डबे: एकात धुवायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. चिखलासारखा रंग होतो तो बहुतेक वेळा घाण पाण्याने किंवा तिन्ही मूळ रंग एकत्र आल्याने. म्हणून पहिल्या तासाला एकावेळी दोनच रंग आणि पांढरा द्या. पिवळा-निळ्याचे किती हिरवे होतात ते मुलांना स्वतः शोधू द्या, मग विचारा, बाहेरच्या आंब्याच्या पानाचा हिरवा यातला कुठला? कुठलाच नसतो; त्यात चिमूटभर लाल लागतो.

शुक्रवारी कावी करा. गोव्याच्या आणि कोकणच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर देऊन, तो कोरून खालचा पांढरा उघडा पाडतात, ती ही कला. मुलांच्या हातात चुना देऊ नका, त्याने कातडी आणि डोळे भाजतात. जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, त्यावर गेरूत अगदी थोडं फेविकॉल घालून एक हात द्या, आणि दहा-पंधरा मिनिटांत, गेरू कोरडा दिसायला लागला पण अजून पक्का झाला नाही तेव्हा, टूथपिकने किंवा खिळ्याच्या बोथट टोकाने कोरायला लावा. वेळ चुकली की गेरू टवके होऊन निघतो. म्हणून सगळ्यांचे पुठ्ठे एकदम रंगवू नका, आठ-आठच्या गटाने रंगवा. कंपासने फुलं काढायला मुलांना फार आवडतं.

सोमवारी रंगवण्याआधी वस्तू गालाला लावून बघा. थंड लागली तर आत ओल आहे, कारण पाणी उडताना गारवा देतं. पूर्ण वाळलेली वस्तू खोलीइतकीच उबदार लागते आणि रंगाने फिकट दिसते. ओल्या मातीवर रंग दिला की आतलं पाणी बाहेर येताना रंगाचा पापुद्रा ढकलून काढतं. तुमच्या पोपड्यांचं कारण हेच. दुसरं कारण धूळ. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, मग एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी यांचा एकच पातळ हात द्या आणि तासभर थांबा. हा हात नसेल तर कच्ची माती पोस्टर रंगातलं पाणी पिते, विरघळते आणि ब्रशला चिखल लागतो. फेविकॉल जास्त घट्ट लावलं तर मात्र तोच साय धरून सुटतो. त्यावर पांढरा हात, मग रंग, कमी पाण्याचे. शेंदूर वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनही नको. चमक हवीच असेल तर मोठ्यांनी नंतर पाण्यात विरघळणारं वॉर्निश लावावं.

ज्या वस्तू ओल्या निघतील त्या रंगवू नका. त्या मुलांना वस्तू घरी वाळवून रंगवायला रंगाच्या छोट्या डब्या द्या.

वस्तू भाजून देण्याचं वचन देऊ नका. मातीतलं पाणी शंभर अंशांवर वाफ होतं, आणि जाड वस्तूतून वाफेला वाट मिळाली नाही की ती फुटते. एक फुटली की शेजारच्याही जातात. माती कायमची पक्की होते ती ५०० ते ६०० अंशांच्या पुढे, आणि शाडू किंवा मिश्र माती त्यासाठी तयार केलेली नसते. भाजायचंच असेल तर डिचोलीच्या कुंभारांशी आधी बोला आणि सगळं काम त्यांच्याच मातीत करा.

हात कधीच बेसिनमध्ये धुवू देऊ नका, नळी तुंबते. दोन बादल्या ठेवा, पहिलीत माती, दुसरीत स्वच्छ धुणं. पहिल्या बादलीच्या तळाला बसलेली माती परत वापरता येते. संध्याकाळी जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि अग्रशाळेत दुसऱ्या दिवशी लोक जेवायला बसणार असतात.

घरी नेताना बुटांच्या खोक्यात, खाली-वर कागदाच्या पट्ट्या. पालकांना चिठ्ठी द्या: ही वस्तू कच्च्या मातीची आहे, पुसायची तर कोरड्या फडक्याने, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की व्हरांड्यात ठेवायची नाही. उरलेली माती वाळू द्या, फोडा आणि कोरडी पोत्यात भरून ठेवा. ओली ठेवली तर पावसाळ्यात तिला बुरशी येईल, कोरडी पुढच्या मेमध्ये पुन्हा भिजत घालता येते.